कूलर बंद करा, मी वाजवते आहे

होळीची राख चौकात अजून तशीच पडली आहे आणि काल आमच्याकडे कूलर निघाला. वर्ध्याकडची ही रीतच आहे. वर्षभर जिन्याखाली जुनी चादर पांघरून बसलेलं ते लोखंडी धूड ओढत खिडकीशी आणायचं, टाकीतला गंज घासायचा, पंपात अडकलेला कचरा काढायचा, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बसवायच्या. त्यांच्यावर पहिलं पाणी पडलं की घरभर वास सुटतो. आमच्या यांना त्या वासाचं कोण कौतुक. समोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसतात. मी मात्र कालपासून तोंड वाकडं करून आहे, कारण कूलर सुरू झाला की माझं आणि या घराचं भांडण सुरू होतं आणि ते पाऊस लागेपर्यंत चालतं.

"आली का तुही लढाईची वेळ?" हे डोळे न उघडता म्हणाले.

"आली. दुपारी बंद ठेवा लागन. आताच सांगून ठेवतो, मंग कुरकुर नाई पाहिजे."

हे म्हणजे माझे यजमान. पिपरी मेघेत त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. स्वभावानं गरीब माणूस, पण उन्हाळ्यात नाही. आणि मी म्हणजे या घरातली ती बाई, जिनं पन्नाशी उलटल्यावर पियानो शिकायला घेतला. कॉलनीत माझी ओळख आता एवढीच उरली आहे. कोणी पत्ता विचारला तर लोक सांगतात, पियानोवाली काकू ना, त्या गल्लीत. सांगताना जरा हसतात. हसोत बापडे. त्यांच्या हसण्यानं माझ्या पट्ट्या झिजत नाहीत.

पेटी मला लहानपणापासून येते. माहेर हिंगणीचं. वडील भाजीपाला काढायचे आणि मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, भजनी मंडळात पेटी धरायचे. त्यांच्या मांडीशी बसून पाहून पाहून आली. लग्नानंतर इथल्या बायकांच्या मंडळातही पेटी माझ्याकडेच. एकदा तिचा एक सूर अडकला. कोणीतरी सांगितलं, बोरगाव मेघेत डॅनियल सर आहेत, रेल्वेतून रिटायर झालेले, ते दुरुस्त करून देतात. पेटी घेऊन गेले. सर आत स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले आणि बैठकीत तो उभा होता, काळा, भिंतीला पाठ लावून. मी एक पट्टी दाबली. नुसती एक. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर ताठ उभा राहतो. हा तसा राहिला नाही, दाबून धरला तरी हळूहळू मावळत गेला. सर बाहेर आले तेव्हा मी तशीच बोट ठेवून उभी होते.

"शिकवता का मले?" मी विचारलं. इतक्या सरळपणे मी लग्नालासुद्धा हो म्हटलं नव्हतं.

शिकायला बसल्यावर कळलं की पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे भात्यावरचा गडी. जन्मभर त्यानं हवा भरली, सुराला कधी शिवला नाही. त्यामुळे माझा उजवा हात भराभर वरच्या वर्गात गेला आणि डावा बालवाडीत बसून राहिला. पुस्तकात चिजांवर आकडे छापलेले असतात, ही पहिलीची, ही तिसरीची, ही पाचवीची. माझ्यासाठी त्या आकड्यांना काही अर्थच नव्हता. पाचवीतल्या एका चिजेची उजव्या हाताची पळापळ मी दोन दिवसांत उचलली, आणि पहिलीतल्या एका चिजेनं, जिच्यात डावा हात नुसता खालीवर चालतो, मला महिनाभर रडवलं. कोणासाठी कठीण, ते सांगा की आधी. हात कोणाचा, तो आधी काय करत होता, हे न विचारताच आकडा टाकून मोकळे.

डॅनियल सर तसे मोकळे होत नसत. त्यांची पारख करायची रीत वेगळी होती आणि बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "देखो ताई, पहिल्या ओळीपासून वाजवायचंच नाही. पहले सबसे खराब जागा शोधायची. तिथं हात टाकायचा, एकदम धीमे. दोन-चार वेळात ती जागा थोडी तरी हलली, तर चीज आपली. नाही हलली, तर किताब बंद."

मला हे फार पटलं. आपण नेमकं उलटं करतो. सोप्या बाजूनं शिरतो, पहिली ओळ घासूनपुसून लख्ख करतो, आणि अवघड जागा आली की अडखळून पुन्हा पहिल्या ओळीवर. वर्षानंतर पहिली ओळ झोपेतही वाजते आणि शेवटच्या पानाला हात लागलेला नसतो. संसारातही माणसं असंच करतात, पण ते असो.

मी सांगते आहे तो उन्हाळा काही वर्षांपूर्वीचा. होळी झाली आणि सरांनी सांगितलं की मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन जाणार आहे. पियानोही सोबत जाणार. आणि पाऊस लागायच्या आत, कारण ट्रकमध्ये तो भिजला तर संपलंच. म्हणजे हातात राहिला एक उन्हाळा. "एक छोटी चीज छान बसवू, मग मी सुटलो," सर म्हणाले आणि त्यांनी पुस्तकातलं पोरांचं एक गाणं काढलं. पानावर बदकाचं चित्र होतं.

मी बदक पाहिलं. पान उलटलं. उलटत गेले. शेवटाकडे दोन पानांची एक चीज होती, जी माझा धडा संपल्यावर सर कधी कधी स्वतःसाठी वाजवत. सावकाश चालीची. दाराशी चपला घालताना मी ती किती वेळा ऐकली होती. एकच चप्पल घालून उभी राहायची.

"ही," मी म्हटलं.

सर चष्मा पुसत राहिले. "ताई, ये आपके लिए नहीं. ह्या वयात डावा हात इतका मोकळा होत नाही. पोरांनासुद्धा सहा महिने लागतात."

"पोरं मधात खेळाले जातात सर. मी कुठी नाई जात."

हट्टच होता तो, पण पोकळ नव्हता. मला ती दोन पानं, त्या खऱ्या पियानोवर, सरांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची होती. घरी विजेवर चालणारा आहे, मुलीनं पुण्याहून तिचा जुना पाठवलेला. चांगला आहे तो, सरावाला उत्तम. पण त्याचा सूर स्पीकरमधून येतो आणि सरांच्या पियानोचा सूर लाकडातून आपल्या गुडघ्यांपर्यंत येतो. तो गेला की मला ठाऊक असलेला दुसरा या जिल्ह्यात नव्हता. पुन्हा कधी तरी, असं म्हणायची सोयच नव्हती.

मग मी माझ्या पद्धतीनं मोजमाप काढलं. नोटेशनच्या ओळीत उभ्या रेघांनी घरं पाडलेली असतात. ज्या घरात डावा हात उडी मारतो, तिथं लाल टिकली. जिथं दोन्ही हात उलट दिशांना पळतात, तिथं मोठी मरून. जिथं का कोण जाणे नुसती भीती वाटते, तिथं बारीक काळी. आख्खं पाकीट संपलं. सरांनी पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "ये क्या, हळदीकुंकू आहे काय?" पण हसले नाहीत, प्रत्येक टिकली नीट पाहत गेले. एक-दोन ठिकाणी म्हणाले, इथं नको, इथं तुम्ही उगाच घाबरता. मग रोज सकाळी एक टिकली धरायची आणि दिवसभर तेवढ्याच घराशी झुंजायचं. ते जमलं की टिकली काढून आरशाला लावायची. कपाळाची टिकली बायका आरशाला लावतातच, ही पुस्तकाची. पान मोकळं होत गेलं आणि आरसा भरत गेला. हे सकाळी ओरडायचे, "मी दाढी कुठी पाहून करू?"

पहिल्या आणि शेवटच्या ओळीला मात्र मी एकही टिकली लावली नव्हती. तिथं होतंच काय. लांब लांब चार-दोन सूर. खाली बारीक अक्षर, एक पी, आणि शेवटाला दोन पी. एक म्हणजे हळुवार, दोन म्हणजे त्याहून हळुवार, असं सरांनी कधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, पाहुण्यानं त्याच्या गावचा पत्ता सांगितल्यावर आपण डोलावतो तशी.

मे महिना उजाडला. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिला नाही, त्यांना काय सांगावं. अकरा वाजता रस्ता रिकामा होतो, नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, कांदा खिशात घालून माणसं बाहेर पडतात. त्यातच वर्षाचं वाळवण. कुरड्या, पापड आणि सरगुंडे. ज्यांना सरगुंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, भिजवलेल्या कणकेची बारीक वात काडीवर वळत न्यायची, एकही वळसा तुटू द्यायचा नाही, मग काडी अलगद ओढून घ्यायची की पोकळ नळी राहते. शेकड्यांनी करायचे. मी सोळा वर्षांची असताना आईनं काडी हातात दिली आणि म्हणाली, घे. वय किती, बोटं वळतात का, सहा महिने लागतील का, कोणी विचारलं नाही. बाईच्या हाताला कठीण काय, हे तिनं स्वतःसाठी काही मागितलं की मगच लोकांना आठवतं.

तर मे. दुपारभर मी कूलरसमोर पियानो लावून सराव करायची. टिकल्या भराभर निघत होत्या. एक दिवस सगळं पुस्तक मोकळं झालं आणि मी ऐटीत बोरगाव मेघेला गेले. सरांच्या बैठकीत कूलर नव्हता. ओल्या हवेनं पियानोचं लाकूड फुगतं, म्हणून त्या खोलीत त्यांनी तो कधी येऊच दिला नाही. दारं लावलेली, पडदे ओढलेले, पंखासुद्धा अगदी बारीक. घामानं पदर ओला, पण खोली शांत. मी पहिली ओळ सुरू केली आणि दचकले. असं वाटलं, कोणीतरी दार बडवतं आहे. तो आवाज माझ्या बोटांतून येत होता.

सरांनी ओळ संपू दिली. "ताई," ते म्हणाले, "कापूस पिंजायचा नाहीये."

मग उलगडा झाला. महिनाभर मी कूलरच्या घरघरीवर मात करत होते. सूर ऐकू यावा म्हणून बोटं दाबत होते, दाबत होते, आणि तेच त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शिवाय पेटीवर आवाज लहान-मोठा करायचं काम भात्याचं, बोटांचं नाही. माझ्या बोटांना हळू म्हणजे काय हे आयुष्यात कोणी शिकवलंच नव्हतं. ज्या दोन ओळींना मी एक टिकली लावली नव्हती, त्याच सगळ्यांत खराब जागा होत्या. मी खराब जागा शोधताना सुरांचे काळे ठिपके कुठे दाटले आहेत ते पाहिलं होतं, ते विरळ कुठे आहेत ते पाहिलंच नाही.

सरांनी पुस्तकात दुसरं पान उघडलं. कवायतीच्या चालीचं, दणदणीत. "ये आप पर जंचता है. हात तयार आहे तुमचा. पंधरा दिवसात बसेल. हळुवार हाताला वर्षं लागतात ताई, आणि आपल्याकडे वर्षं नाहीत." ते प्रेमानंच बोलले. तेच मला जास्त झोंबलं. राग आला, त्यांचा नाही, त्या कवायतीचा. जन्मभर दणक्यात कामं केली. धुणं दणक्यात, भांडी दणक्यात, मंडळात पेटीसुद्धा दणक्यात, कारण मागच्या बाईपर्यंत पोचली पाहिजे. आता एक गोष्ट मला हळू करायची होती आणि जग म्हणत होतं, ते तुला शोभत नाही.

"नाई सर," मी म्हटलं. "तेच वाजवीन."

घरी येऊन मी कूलरचं बटण बंद केलं.

हे दुकानातून जेवायला आले होते. "काऊन बंद केला?"

"मले ऐकू येत नाई."

"तुले ऐकू यावं म्हणून मी भाजून मरू का?"

"दुकानात मरा. तिथं कूलर आहे."

दोन दिवस अबोला. मग तह झाला. मधल्या ओळींत जिथं जोर हवाच आहे, त्या दुपारी, कूलर लावून. पहिली आणि शेवटची ओळ पहाटे, ऊन चढायच्या आत, घरात पाखराचा आवाज येईल इतकं शांत असताना. आणि दुपारी अर्धा तास कूलर बंद, त्यात माझ्या नशिबानं वीज जायची. सगळी कॉलनी त्या भारनियमनाला शिव्या द्यायची, मी देत नव्हते. वीज गेली की माझा पियानोही मरतो, सूर निघत नाही. पण पट्ट्या असतातच. त्या मुक्या पट्ट्यांवर मी दोन्ही ओळी वाजवत बसायची. सूर नसला की बोटाचा आपटण्याचा ठक ठक आवाज तेवढा ऐकू येतो. तो ठक घालवायचा, एवढंच ध्येय. ठक राहिला म्हणजे बोट पडलं, ठक गेला म्हणजे बोट ठेवलं. घाम कोपरावरून पट्ट्यांवर गळायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचं. दाबण्यापेक्षा ठेवणं किती जड असतं, ते त्या उन्हाळ्यात माझ्या मनगटांना कळलं.

एकदा हे बाजूला येऊन बसले, हातात पुठ्ठ्याचा पंखा. थोडा वेळ स्वतःला वारा घातला, मग मला घालायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता नाई आला."

"काय?"

"तो ठक. आता नाई आला."

मी वाजवत राहिले. पुढं वीज गेली की दुकानातून फोन यायचा, लाईन गेली पाह्य, बस तुह्या पट्ट्यांवर. हाच माणूस काल वाळ्याच्या वासासाठी माझ्याशी भांडला, आणि आज दुपारी त्यानं स्वतःच कूलर बंद केला. नवरे असेच असतात.

यंदा मी चार पानांची चीज काढली आहे. आता मला विचाराल तर मी कोणतंही पान हातात घेतलं की आधी रिकाम्या जागा बघते. शिकवायला कोणी नाही, मुलगी फोनवर व्हिडिओ पाठवते, त्यातला माणूस फार गोड हसतो आणि म्हणतो की ही चीज नवशिक्यांनी हाती घेऊ नये. मी त्याचा आवाज बंद करून नुसते हात पाहते. कॉलनीतल्या एका बाईनं परवा विचारलं, आता काय उपयोग गं याचा, कुठं कार्यक्रम करणार आहेस? मी तिला म्हटलं, तू रोज मालिका पाहतेस, तुझा कुठं कार्यक्रम आहे?

त्या वर्षी ट्रक आला तेव्हा आभाळ भरायला लागलं होतं. सरांचं घर अर्धं रिकामं, सतरंज्या गुंडाळलेल्या, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. पियानो शेवटी चढवायचा होता. हमाल गाद्या आणि दोर घेऊन बाहेर बसले होते. सरांचा मुलगा भला माणूस, इथंच शिकलेला, त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "काकू, पाच मिनिटं आहेत, वाजवा." सर गुंडाळलेल्या गादीवर बसले.

मी वाजवली. पहिली ओळ जशी हवी तशी आली. दुसऱ्या पानावर डाव्या हाताची उडी हुकली, भलताच सूर लागला, मी क्षणभर थांबले, मग सावरून शेवटपर्यंत गेले. मुलानं टाळ्या वाजवल्या. दारातून एक हमालही डोकावून हसला.

"वा काकू," मुलगा म्हणाला. "वयाच्या मानानं फारच छान."

मी हात मांडीवर ठेवले. "वय कशाले मधात आणता? चुकलं ते चुकलं म्हणा. मी पुन्हा वाजवतो."

"काकू, पाऊस येऊन राह्यला. माल भिजन..."

"रुको," सर म्हणाले. एवढंच.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. खोलीत सामान नव्हतं, त्यामुळे हलकासा सूरही भिंतीपर्यंत जात होता. दुसरं पान आलं. उडी आली. हात बरोबर पडला, नाही, ठेवला गेला. शेवटच्या ओळीला बाहेरचे हमाल बोलायचे थांबले होते, कारण त्यांना ऐकायचं असेल तर गप्पच बसावं लागलं असतं, इतकं ते हळू होतं. चीज संपली. कोणी टाळी वाजवली नाही.

मी सरांकडे पाहिलं. ते गादीवरून उठले, पुस्तकाजवळ आले, चष्मा वर सरकवला. शाबासकी नाही, निरोपाचं नाही, वयाचं नाही.

"शेवटच्या ओळीचा आवाज अजून जास्त आहे, ताई," त्यांनी बोटानं दोन पी दाखवले. "आणि डावं मनगट वर येतंय. खाली ठेवायचं. फिर से, सिर्फ ये लाइन."

बाहेर पहिले थेंब ट्रकच्या टपावर पडायला लागले. मुलगा दाराकडे पाहत होता, सर पुस्तकाकडे. मी मनगट खाली घेतलं आणि ती ओळ पुन्हा सुरू केली.